दंड माफ

कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 4 फारसं कुणाला माहीत नसतं. शेजारीपाजारी, नातलग, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतं आणि चांगल्या हेतूनं दिली असेल तर त्याच्यावर बालंट येत नाही. मी संरक्षण अधिकारी आहे, गावोगाव हे सांगत फिरते. बायका माना डोलावतात. खबर काही येत नाही. म्हणून एका गावचा अख्खा बचत गट कार्यालयात येऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं कर्जाचं काम असेल, दार चुकल्यात.

त्यांच्यातल्या एकीला नवऱ्यानं रात्री बाहेर काढून घराला कुलूप घातलं होतं. पोलिसांनी ‘घरचा मामला, समजुतीनं घ्या’ म्हणून वाटेला लावलेलं. नेहमीचंच.

नमुना 1, म्हणजे कोर्टात द्यायचा कौटुंबिक घटनेचा अहवाल, भरताना घोडं अडतं ते तारखांवर. मारलं कधी? ‘दिवाळीच्या आधी’, ‘सारखंच की’. कोर्टात अशा उत्तरांचा भुगा होतो. आरोग्य केंद्राचे दोन केस पेपर होते, दोन्हींवर ‘पडल्याने मार’. एवढी कशी पडते, हे विचारायची तसदी डॉक्टरांनी घेतली नव्हती.

तेवढ्यात सचिव बाईंनी पिशवीतून इतिवृत्त वही काढली. गटात गैरहजेरीला दहा रुपये दंड, घरात मयत झाली तरी सुटत नाही. हिच्या नावापुढे मात्र जागोजागी ‘दंड माफ, सर्वानुमते’. खाली सगळ्यांच्या सह्या, दोन अंगठे. मी केस पेपर शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही तारखांच्या लगेच पुढच्या बैठकीला ही गैरहजर, दंड माफ. पुढच्या पानांवर शिलाई मशीनचं कर्ज. मशीन नवऱ्यानं विकलं, हप्ते गटानं वाटून घेतले. आर्थिक हिंसेच्या रकान्यासाठी इतका स्वच्छ पुरावा मला कधी मिळाला नव्हता. पान न् पान झेरॉक्स करून अहवालाला जोडलं.

कलम 23 खाली अंतरिम आदेश झाला, कुलूप निघालं. बाई घरात आहे. गटातल्या दोघींना मात्र त्यांच्या नवऱ्यांनी बैठकीला जाणं बंद केलंय.

उलटतपासणीत नवऱ्याच्या वकिलांनी सचिव बाईंना विचारलं, “सगळ्यांना माहीत होतं, तर नुसता दंड माफ करत का बसलात?” माणूस मला आवडत नाही, पण हा प्रश्न माझ्याही मनात होताच.

“बोललो असतो तर त्यानं हिला त्याच दिवशी हाकललं असतं, वकीलसाहेब. त्याच घरात राहायचा हिचा हक्क आहे, हे आम्हाला यंदा कळलं.”

कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे.