सोया-भाकरी, घाणा चौथा: वास गेला, कडा फाटल्या

मंडळी, वास गेला! भाकरीत मिसळायला घरी करतोय त्या सोयाबीनच्या पिठाच्या चौथ्या घाण्याला तो कच्च्या शेंगेचा हिरवट वास अजिबात नाही. चिमूटभर तोंडात टाकलं तर फुटाण्याच्या जवळ जातं. आता भाकरीच्या कडा फाटताहेत, ते दुखणं पुढे घेऊ.

नव्यानं येणाऱ्यांसाठी एकदाच हिशेब. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्नच्या आसपास. किरकोळीत थोडे जास्त पडतात. १०० ग्रॅम दाण्यात साधारण ३६ ग्रॅम प्रथिनं. तेवढी अंड्यांतून घ्यायची तर सहा अंडी लागतात. ६० किलोच्या माणसाची रोजची साधी गरज ५० ग्रॅम, रोज जोर-बैठका मारणाऱ्याला ७५ ते ९०. भाकरी, उसळ, ताक, शेंगदाणे धरूनही जो खड्डा राहतो, तो आपल्या बेळगाव भागात सोयाबीनइतका स्वस्त दुसऱ्या कशानं भरत नाही. शिवाय ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक जरुरीचा घटक) कमी असतं आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर, त्यामुळे जोडी जमते.

आता वासाचं. दाण्यात एक एन्झाइम असतं. दाणा फुटला, पाणी आणि हवा लागली की ते तेलावर काम करतं आणि वास सुटतो. ते मारायला ओली, कडक उष्णता लागते आणि ती दाणा फुटायच्या आधी लागते. पहिल्या तीन घाण्यांत नेमकं इथंच चुकत होतं. कोरडं भाजलेला पहिला बाहेरून करपला, आतून कच्चा राहिला, पीठ कडू. दुसरा रात्रभर भिजवून तसाच वाटलेला, तो सगळ्यांत वाईट. भिजवून कुकरला लावलेल्या तिसऱ्याचा वास बराच कमी झाला, पण दाणा इतका मऊ झाला की साल काढताना लगदा, आणि वाळता वाळेना.

चौथ्याला भिजवणंच काढून टाकलं. तीन लिटर पाणी खळखळ उकळवायचं, त्यात सपाट चमचाभर खायचा सोडा. अर्धा किलो कोरडे दाणे मूठमूठ टाकायचे, उकळी मोडता कामा नये. एकदम ओतले की पाणी निवतं आणि त्या चार-पाच मिनिटांत वास तयार होतो. मग अर्धा तास सतत उकळी. एवढ्या वेळात प्रथिनं पचू न देणारा घटकही बराचसा मरतो, म्हणून वास गेला म्हणून दहा मिनिटांत उतरवू नका. पाणी फेकून द्या, पोट फुगवणाऱ्या साखरा काही प्रमाणात त्याबरोबर जातात. गार पाण्यात चोळलं की साली तरंगून वर येतात. पातेलं स्टीलचंच घ्या, ॲल्युमिनियम सोड्यानं काळं पडतं.

दाणे निवडताना फुटके बाजूला काढा, त्यांचा वास आधीच सुरू झालेला असतो. आणि गुलाबी-लाल रंग लावलेलं बियाणं कितीही स्वस्त मिळालं तरी घरात आणू नका. ते पेरणीचं असतं, त्याला औषध चोळलेलं असतं, धुऊन ते जात नाही.

वाळवण हा श्रावणातला खरा त्रास. ऊन नाही, हवा ओली. पंच्यावर एकेरी थर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा, त्याहून जास्त नको. सकाळी बोटाला बुळबुळीत लागलं तर तो घाणा गेला, टाकून द्या. तसं नसेल तर पाव-पाव किलो कढईत मंद आचेवर, सतत हलवत, फिकट बदामी होईपर्यंत भाजा. परीक्षा दातानं: कट्‌ आवाज करून तुटला तर झाला, वाकला तर अजून ओल आहे. सालीत आठेक टक्के वजन जातं, थोडं पाण्यात.

गिरणीत नुसतं सोयाबीन नेलं तर गिरणीवाला नको म्हणतो आणि त्याचं बरोबर आहे. तेलकट पिठानं दगड चिकटतो. ज्वारीत मिसळून द्या म्हणजे वाद नाही. मात्र पंधरा दिवसांपुरतंच दळा, तेलामुळे खवट होतं. मॉलमधलं तयार सोया-पीठ महाग पडतं.

आता कडा. प्रमाण १०० ग्रॅम ज्वारी, २० ग्रॅम सोया. एवढ्यात १७-१८ ग्रॅम प्रथिनं होतात, तेवढ्याच वजनाच्या नुसत्या ज्वारीत १२. पण थापताना कडेला भेगा, तव्यावर टाकताना तुकडा. ज्वारीची विरी (पिठाचा चिकटपणा) गेली असावी असा पहिला संशय होता, पण त्याच पिठाची साधी भाकरी नीट होते. म्हणजे दोष पाण्याचा. सोया आधी पाणी पिऊन घेतं आणि ज्वारीच्या पिठाला चीक यायला उकळतं पाणी पुरत नाही. म्हणून ज्वारी वेगळी दळून आणा, सोया मिक्सरवर घरीच फिरवा. अर्ध्या ज्वारीवर १०० मिलिलिटर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाका, मग उरलेली ज्वारी घालून मळा, सोया सगळ्यांत शेवटी. कालच्या सहांपैकी चार अखंड उतरल्या, दोन फुगल्यासुद्धा! म्हणजे वर गिरणीत मिसळा म्हटलं ते भाकरीसाठी रद्द, चपातीच्या गव्हासाठी ठेवा: दहा किलोला एक किलो.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवावं.

आता करेलाच्या, म्हणजे व्यायामात फिरवायच्या जड मुदगलाच्या, घरगुती जोडीचं थोडक्यात. दोन लिटरच्या बाटलीत कोरडी वाळू ठासली की सव्वातीन किलोच्या आसपास भरते. ज्यांच्या बाटल्या मानेशी फुटताहेत त्यांनी टोपणात मूठ बसवणं सोडावं. काठी तळापर्यंत घालून भोवती वाळू ठासावी, म्हणजे फिरवताना ओढ प्लास्टिकवर येत नाही. व्यायामाची राजहंसगडाची चढण पाऊस उघडेपर्यंत बंद, शेवाळावर पाय राहत नाही.

हे लिहिता लिहिता एक सुचतंय. पावसाळ्यात वाळवण्याचा हट्टच का? उकडून साल काढलेले दाणे तसेच वाटून पड्डूच्या (अप्प्यांच्या) पिठात घातले तर? एन्झाइम मेलेलंच आहे, आंबवायचं काम ते पीठच करेल, भाजणं आणि गिरणी दोन्ही वाचतील. तीन वाट्या तांदूळ, पाऊण वाटी उडीद, एक वाटी उकडलेलं सोया, एवढ्यावर सुरुवात. पाचवा घाणा आता तव्याऐवजी अप्पेपात्रात. नाचणी मिसळून कुणी केलं असेल तर पाण्याचं माप ग्रॅममध्ये सांगा, वाटीत नको. खानापूरकडची वाटी आणि शहापुरातली वाटी यांत बराच फरक पडतो.