असू दे

"असू दे, मी पुढच्या बसने येते." हे मीच म्हणाले. कोणी म्हणायला लावलं नव्हतं. सकाळपासून तेवढंच डोक्यात घोळतंय.

बस थांब्याला लागली, फुस्स करून दाराच्या बाजूने खाली झुकली, ड्रायव्हर रॅम्प काढायला उठलासुद्धा. आत बघते तर व्हीलचेअरच्या जागेत बाबागाडी. बाळ झोपलेलं, एका पायातला मोजा गळालेला. ती बाई कावरीबावरी होऊन गाडी मिटायला वाकली. मिटायची म्हणजे बाळ उचला, खालच्या पिशव्या काढा, मोठ्या पोराला धरा, आणि हात दोनच. माझ्या तोंडून निघून गेलं, असू दे.

ती थँक्यू म्हणाली, ते ठीक. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर जो 'सुटलो' दिसला ना, तो बोचला.

मग थांब्यावर बसून (मी बसलेलीच असते म्हणा) चाळीस मिनिटं स्वतःची कीव. दर वेळी मीच का? तिची गाडी मिटते तरी. माझी खुर्ची माझ्यासकट कशी मिटायची?

ब्रिटनमध्ये अगदी याच जागेवरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१७ साली निकाल लागला: ड्रायव्हरने नुसती विनंती करून गप्प बसू नये, पण न हलणाऱ्याला उतरवलंच पाहिजे असंही नाही. सात न्यायाधीशांना एवढंच जमलं. मी दहा सेकंदांत काय दिवे लावणार होते?

आणि खरं सांगायचं तर तो चांगुलपणा नव्हताच. सगळी बस माझ्याकडे बघत होती, ते नको झालं होतं. सुमाला कळलं तर... जाऊ दे. तिला सांगणारच नाहीये.

पुढच्या बसमध्ये जागा मोकळी होती. खुर्ची वळवून पाठ फळीला टेकवली, ब्रेक लावले. म्हणजे मागची अख्खी बस पुन्हा माझ्यासमोर, मी एकटी उलट्या तोंडाची. दोन थांबे गेले नाहीत तोच एक बाप बाबागाडी घेऊन चढला.

"ताई, होईल का जागा?"

होत नव्हती. "होईल की," मी म्हणाले.

त्याच्या गाडीचं पुढचं चाक शेवटपर्यंत माझ्या पायपट्टीला घासत होतं. पोरगं जागं होतं. त्याला माझ्या ब्रेकची दांडी फार आवडली. दोनदा त्याने ब्रेक सोडला. दोनदा मी लावला.