अंतराळात अडकलेल्यांचं ॲनिमे: वही कुठवर आली

मंडळी, गेल्या अपडेटनंतर बरीच मजल मारलीय. 'व्हायफाम' संपवलं, मोतो हागिओंच्या कथेवरचा सिनेमा पुन्हा बघितला, 'आस्त्रा'ची दुसरी फेरी झाली आणि 'रिव्हायस' निम्म्यावर आहे. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अंतराळात अडकलेल्या, भरकटलेल्या लोकांचं ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) जुन्याकडून नव्याकडे बघत यायचं आणि प्रत्येकासाठी वहीत तीन रकाने भरायचे: काय संपत आलंय, किती उरलंय ते आपल्याला कळतं का, आणि जहाजावर त्याचा हिशेब कोण ठेवतं. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा निघालाय.

सुरुवात अर्थातच १९७४च्या 'यामातो' या अंतराळ-जहाजाच्या मालिकेपासून. १,४८,००० प्रकाशवर्षं लांब जायचं, पृथ्वी शुद्ध करणारं यंत्र आणायचं आणि वर्षाच्या आत परतायचं. भाग संपताना किती दिवस उरले ते पडद्यावर येतं, आणि पन्नास वर्षांनीही ती पाटी बघून पोटात गोळा येतो. पण उलटी गिनती अख्ख्या पृथ्वीची आहे. जहाजावर कुणाच्या ताटात काय पडतं, याची फिकीर मालिकेला फारशी नाही. म्हणून वहीत अर्ध्या पानात आटोपलं.

१९८३चं 'व्हायफाम' मात्र पानंच्या पानं खाऊन गेलं. ४६ भाग, तेरा मुलं, सगळ्यात मोठा पंधरा वर्षांचा, धाकटी दोघं चार-चार वर्षांची. वसाहतीवर हल्ला होतो, मोठी माणसं एकेक करून जातात आणि जहाज मुलांच्या गळ्यात पडतं. मूळ कल्पना ज्यूल व्हर्नच्या, बेटावर अडकलेल्या मुलांच्या कादंबरीची. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या व्हर्नवर जे वाढलेत त्यांना हा मामला लगेच ओळखीचा वाटेल. रोबोंच्या लढाया आहेत, पण मी त्या बघता बघता चहा करून आले तरी काही बिघडलं नाही. खरी मजा आहे ती पाळ्यांमध्ये. स्वयंपाक कुणी करायचा, धाकट्यांना कुणी झोपवायचं, कोण पहाऱ्याला, कोण कुणावर रुसलंय. स्कॉटला कप्तानपद नकोच असतं, पण वयाने मोठा म्हणून चिकटतं. घरातल्या थोरल्या भावंडांनी हे पात्र जरूर बघावं, डोळ्यांत पाणी येईल.

आता हागिओ. मूळ मांगा (जपानी कॉमिक) १९७५चा, सिनेमा १९८६चा. नावाचा अर्थ साधारण 'अकरा जण आहेत!'. अंतराळ अकादमीची शेवटची परीक्षा आहे. दहा-दहा जणांचे गट एकेका सोडून दिलेल्या जहाजावर ५३ दिवस काढणार. आमचा गट आत शिरतो, मोजदाद होते, आणि डोकी भरतात अकरा. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की मी खराच. म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच हिशेब चुकलेला, आणि चूक नेमकी कुठे ते सांगणारं कुणी नाही.

या कथेतली माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे आणीबाणीचं बटण. दाबलं की मदत येणार, पण अख्खा गट नापास. बाहेर पडायची वाट बंद असेल तर माणूस नाइलाजाने टिकतो, त्यात विशेष काही नाही. इथे वाट भिंतीवरच लावून ठेवलीय आणि ती उघडण्याची मुभा अकराही जणांना आहे. पुढे जहाजाची कक्षा ढळते, तापमान चढायला लागतं, उकाड्याबरोबर आजार येतो, आणि प्रत्येक वेळी आपली नजर बटणाकडे जाते. शत्रू नाही, राक्षस नाही. नुसता वाढत जाणारा उकाडा आणि 'हा अकरावा तर नसेल?' असं म्हणत एकमेकांकडे बघणारी पोरं. यापेक्षा कमी सामानात एवढा ताण उभा केलेलं दुसरं ॲनिमे मला अजून भेटलं नाही.

'स्पेस ब्रदर्स'मधल्या अंतराळवीरांच्या निवड परीक्षेची जातकुळी हीच. पाच-पाच जणांचे तीन गट दोन आठवडे बंद खोलीत, आणि शेवटी आपल्यातले दोघं त्यांनीच निवडायचे. वर परीक्षक गुपचूप एखाद्याला चिठ्ठी देऊन मुद्दाम गडबड करायला लावतात. हे काही हवेतून आलेलं नाही. जाक्साने, म्हणजे जपानच्या अंतराळ संस्थेने, २००८-०९च्या निवडीत शेवटच्या दहा उमेदवारांना त्सुकुबाच्या केंद्रात असंच कोंडून पारखलं होतं. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करता येतं, शेजारी बसलेल्याचं डोकं फिरलं तर काय, ही धास्ती खऱ्या अंतराळ संस्थांनाही आहे.

जरा विषयांतर, पण कधीचं मनात आहे. ॲनिमेवाले ऑक्सिजन फार मोजतात आणि कार्बन डायऑक्साइड फार कमी. १९७०च्या अपोलो १३मध्ये ऑक्सिजन पुरेसा होता. जीव टांगणीला लागला तो आपल्याच उच्छ्वासामुळे. दोघांसाठी बनवलेल्या चांद्रयानात तिघं, त्यातले हवा गाळणारे डबे संपत आलेले, मुख्य यानातले डबे शिल्लक, पण ते चौकोनी आणि इकडची खाच गोल. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, स्पेससूटची नळी आणि चिकटपट्टी जोडून काम भागवलं. अशा चौकोनी-गोल भानगडीवर कुणीतरी एक आख्खा भाग काढावा, अशी माझी फार इच्छा आहे.

'आस्त्रा'बद्दल इथे मतभेद होणार याची तयारी ठेवलीय. २०१९चे १२ भाग, मूळ मांगा केन्ता शिनोहारांचा. शिबिराला निघालेली मुलं ५,०१२ प्रकाशवर्षांवर फेकली जातात आणि अन्नपाण्यासाठी एकेका ग्रहावर उतरत घरी यायला निघतात. पहिल्यांदा बघताना मी रहस्यात वाहून गेले. आपल्यातलाच कुणीतरी घात करतोय हे कळल्यावर कोण जेवणाचा विचार करतं! दुसऱ्या फेरीत रहस्य माहीत, त्यामुळे लक्ष हिशेबाकडे गेलं, आणि तो सैल वाटला. ग्रह वेळेवर हजर, पिशव्या भरल्या, निघालो. अपवाद फक्त मशरूमच्या ग्रहाचा. तिथे विषारी बीजाणू हवेतच असतात, आणि ज्या ग्रहाने पोट भरायचं तोच जिवावर उठतो. असे आणखी एक-दोन ग्रह हवे होते. विनोद मात्र फक्कड. शिनोहारांचा हात आधीच्या 'स्केट डान्स'पासून विनोदात बसलेला आहे. बारा भागांत कोडं मांडून सोडवणं हेही खायचं काम नाही. पण माझ्या वहीपुरता तो 'व्हायफाम'च्या खाली.

आणि 'रिव्हायस'. १९९९, दिग्दर्शक गोरो तानिगुची, ज्यांनी पुढे 'प्लॅनेटेस' केलं तेच. ४८७ विद्यार्थी, शिक्षक मेलेले, आसरा म्हणून मिळालेलं जहाज निघतं युद्धनौका. तेरा मुलं असली की पाळ्या लावता येतात, ४८७ असली की सरकार लागतं. वाटपाची सूत्रं ज्या टोळक्याच्या हाती, कारभार त्यांचा. कामाच्या बदल्यात पॉइंट आले की पॉइंटांच्या चोऱ्याही आल्या. बाहेरून कुणी ना कुणी मारायला टपलेलंच असतं, पण मला धडकी भरते ती जेवणघराच्या दृश्यांत. कोण कुठल्या टेबलावर बसतो, कुणाला वाट करून दिली जाते, आणि नायक कोजी हे सगळं बघून नजर खाली घालतो. तो शूर नाही, फारसा हुशारही नाही. बऱ्याच जणांना म्हणूनच त्याचा कंटाळा येतो, मला तो म्हणूनच खरा वाटतो. एका रात्रीत दोन भागांपेक्षा जास्त झेपत नाहीत. तिसरा रकाना इथे तीनदा खोडून लिहिलाय, कारण हिशेब ठेवणारा सारखा बदलतोय.

पुढचा नंबर 'सिडोनिया'चा. तिथली माणसं प्रकाशसंश्लेषण करतात, त्यामुळे जेवणाची गरजच कमी, आणि नायक बिचारा जुन्या वळणाचा, भात चोरताना पकडला जातो. हे माझ्या रकान्यांत कसं बसवायचं यावर डोकं चालवतेय. त्यानंतर मित्सुओ इसोंचं २०२२चं 'ऑर्बिटल चिल्ड्रन', सहाच भाग आहेत, एका रविवारचं काम.

तोवर 'रिव्हायस'चा शेवट कुणी फोडू नका. विशेषतः कोजी आणि त्याच्या भावाचं काय होतं ते.