कोन काढला, पत्रा बसवला: घरच्या किक ड्रमचा ट्रिगर आता कुठवर आलाय

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घरी बनवणाऱ्यांना सगळ्यात जास्त दमवते ती किक, म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायचा बास ड्रम, आणि तिचा ट्रिगर, म्हणजे ठोका ओळखून संगणकाला कळवणारा सेन्सर. स्नेअर आणि टॉम एकदा जमले की जमले. किकवर मात्र हलका ठोका गिळला जातो, जोराचे सगळे ठोके 127 वर, म्हणजे व्हेलॉसिटीच्या (ठोक्याच्या जोराच्या) सगळ्यात वरच्या आकड्यावर जाऊन बसतात आणि पेडलचा बीटर (ठोका मारणारा दांडा) ड्रमच्या तोंडावरच्या जाळीवर दाबून धरला की एका ठोक्याचे दोन आवाज येतात (डबल ट्रिगर). माझ्या किकमध्ये हे तिन्ही दोष होते. आता हलके ठोके नीट येतात, जोराच्या ठोक्यांत फरक कळतो आणि डबल ट्रिगर जवळजवळ बंद झालाय. या सगळ्यातून माझं ठाम मत झालंय की किकचं निम्म्याहून जास्त काम कोडला हात लावण्याआधी, फोम आणि पत्र्यातच होतं.

आधी रचना सांगतो. जुन्या ज्युनियर किटमधला 10 इंची टॉम प्लायच्या उभ्या फळीवर आडवा बसवलाय. तोंडावर खिडकीला लावतात ती फायबरग्लासची डासांची जाळी, दोन थर, एक सरळ आणि एक तिरका. आत आडव्या पट्टीवर 35 मिमीची पिझो चकती (धक्क्याचा विजेचा सिग्नल करणारी) होती आणि तिच्यावर जाळीच्या मध्याला टेकणारा फोमचा कोन, म्हणजे स्नेअरला करतो तसंच. सिग्नल प्रो मायक्रो या आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डाकडे जातो. त्यातली एटीमेगा 32यू4 चिप थेट यूएसबीवरून मिडी (वाद्याचे डिजिटल संदेश) पाठवते, त्यामुळे मधली वेगळी केबल लागत नाही. किकसाठी नोट 36, चॅनल 10.

ही कोनाची रचना स्नेअरला झकास चालते, मग किकला का नाही, याचं उत्तर ऑसिलोस्कोपवर, सिग्नलच्या आलेखात (प्लॉटमध्ये), लगेच दिसलं. काठी जाळीला शिवते आणि क्षणात उडते. पेडलचा बीटर जड असतो, तो जाळीला आत ढकलत राहतो. जाळी दबते, मग कोन दबतो, आणि पिझोवरचा व्होल्टेज हळूहळू चढतो. माझ्याकडे शिखर गाठायला 6 ते 7 मिलिसेकंद लागत होते आणि त्यानंतर जाळी जवळपास 80 मिलिसेकंद थरथरत होती. स्कॅन टाइम (ठोका लागल्यावर कोड शिखर शोधतो तो काळ) 2 मिलिसेकंद ठेवला तर कोड चढणीच्या मध्यावरच आकडा उचलतो, म्हणून व्हेलॉसिटी वाटेल तशी येते. स्कॅन टाइम 7 केला तर आकडा बरोबर येतो, पण आवाज पायाच्या मागून येतोय हे जाणवायला लागतं. सेटिंग कितीही फिरवा, या दोनांतलं एक पदरात पडणारच. म्हणून चढणच उभी करायची ठरवली.

कोन आणि आडवी पट्टी दोन्ही काढून टाकली. आता जाळीला मागून चिकटून चपलांच्या तळांसाठी वापरतात ती 15 मिमीची घट्ट ईव्हीए शीट आहे. तिच्यामागे 9 सेंटिमीटर व्यासाचा, 3 मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा गोल पत्रा. पत्र्याच्या पाठीवर पिझो, आणि उरलेली सगळी जागा गादीवाल्याकडच्या रीबॉण्डेड फोमने फळीपर्यंत ठासून भरलेली. बीटरचा धक्का आता घट्ट शीटमधून सरळ पत्र्यावर जातो. शिखर 2 मिलिसेकंदांच्या आसपास येतं आणि थरथर 25 ते 30 मिलिसेकंदांत विझते. पायाखालचा अनुभवही बदलला. जाळी ट्रॅम्पोलिनसारखी पाय परत फेकत होती, ते गेलं. बीटर आता बऱ्यापैकी खऱ्या बास ड्रमवर येतो तसा परत येतो.

पिझो चिकटवण्यावर थोडं थांबतो, कारण हा टप्पा लोक घाईत उरकतात. चकतीची पितळी बाजू पत्र्याकडे, मध्ये एराल्डाइटचा अगदी पातळ थर, आणि वरून वजन ठेवून रात्रभर तसंच. डबल टेपने चिकटवली तर टेपमधला मऊ थर सिग्नलची धार बोथट करतो. पुण्यात तपकीर गल्लीत या चकत्या बझरसाठी म्हणून मिळतात. तार जोडलेलीच घ्यावी, कारण सिरॅमिकवरचा चांदीचा मुलामा सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं तरी उडतो. तारेचा जोड सिरॅमिकच्या कडेला हवा. पत्र्यामागच्या फोमला मी चकतीपेक्षा थोडं मोठं गोल भोक पाडलंय, म्हणजे सोल्डरच्या टेकाडावर दाब येत नाही. तिथे दाब आला की चकतीला तडा जातो, तडा डोळ्यांना दिसत नाही आणि सिग्नल मात्र निम्मा होतो. तारांना एक सैल वळसा देऊन तो ग्लू गनने पत्र्याच्या कडेला पक्का केलाय.

आता विजेची बाजू. पिझोचा सिग्नल दोन्ही दिशांना जातो आणि बोर्डाला त्यातला फक्त धन भाग वाचता येतो. पहिली अर्धी लाट ऋण निघाली तर ती डायोडमध्ये कापली जाते आणि बोर्ड दुसऱ्या लाटेची वाट पाहतो. दुसरी लाट उशिरा येते आणि तिची उंची पहिल्याशी प्रामाणिक नसते. पत्रा बसवल्यावर पिझो वाकण्याची दिशा उलटली होती. प्लॉटवर ते दिसलं, पिझोच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि हलक्या ठोक्यांतला अनियमितपणा तिथेच बराचसा संपला. ज्यांची किक 'कधी लागते, कधी नाही' अशी वागते त्यांनी सगळ्यात आधी हे करून पाहावं. खर्च शून्य.

पिझोला समांतर लावायचा रेझिस्टर बहुतेक आराखड्यांत 1 मेगाओहम असतो. चकतीची कपॅसिटी साधारण 30 नॅनोफॅरड धरली तर 1 मेगाओहमवर तिचा चार्ज उतरण्याचा काळ 30 मिलिसेकंद होतो, म्हणजे ठोका संपल्यावरही सिग्नल रेंगाळतो. मी त्याजागी 250 किलोओहमचा प्रीसेट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) लावला. काळ 7-8 मिलिसेकंदांवर आला, आणि प्रीसेटच्या मधल्या पायावरून सिग्नल घेतल्यामुळे उंचीही हवी तेवढी कमी करता येते. जोराचे ठोके 127 ला चिकटण्याचं मुख्य कारण हेच होतं: पिझो सहज 10 व्होल्टच्या वर जातो आणि बोर्ड 5 वर थांबतो. सगळ्यात जोराचा ठोका 4.5 व्होल्टच्या आसपास राहील असा प्रीसेट फिरवला. संरक्षणासाठी आधी 4.7 व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वरचा भाग कापणारा डायोड) होता. असे कमी व्होल्टचे झेनर ठरलेल्या आकड्याच्या बरेच आधीपासून थोडा थोडा करंट खायला लागतात, त्यामुळे वरचे ठोके दाबले जातात. त्याजागी दोन शॉट्की डायोड, एक 5 व्होल्टकडे आणि एक ग्राउंडकडे, आणि पिनच्या आधी 10 किलोओहम.

कोडमध्ये बदल थोडेच. आर्डुइनोचं नेहमीचं ॲनालॉग वाचन सुमारे 110 मायक्रोसेकंद घेतं, 2.5 मिलिसेकंदांच्या स्कॅन टाइममध्ये जेमतेम 22 नमुने मिळतात आणि शिखर निसटू शकतं. एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) प्रीस्केलर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा भाजक, 128 वरून 32 केला की एक रूपांतर 26 मायक्रोसेकंदांत होतं. अचूकता किंचित घटते, पण 127 पायऱ्यांच्या व्हेलॉसिटीला ती पुरून उरते.

डबल ट्रिगरसाठी नुसता मास्क टाइम (एका ठोक्यानंतर कोड पुढचं काही ऐकत नाही तो काळ) वाढवणं मला पटत नाही. मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत सोळाव्या भागाचे (मात्रेला चार) ठोके 75 मिलिसेकंदांवर येतात. मास्क 60 ठेवला तर वाजवणाऱ्याच्या पायाला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. मी मास्क फक्त 15 ठेवलाय. त्यानंतर थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचाच सिग्नल ठोका मानायचा ती पातळी) मागच्या शिखराच्या 60 टक्क्यांपासून सुरू होतो आणि 40 मिलिसेकंदांत मूळ पातळीवर उतरतो. बीटर दाबून धरल्यावर तो जाळीवर ज्या बारीक उड्या घेतो त्या या उतरत्या रेषेखाली राहतात, आणि खरा दुसरा ठोका तिच्यावरून पार होतो. केरवा तालात मुख्य ठोक्याला लागून येणारी हलकी किक आता ऐकू येते. एवढ्या एका ठोक्यासाठी हा सगळा उद्योग करावासा वाटत होता, कारण तो गेला की केरवा सपाट होतो. दुगुन आणि चौगुन दोन्ही लयींत तपासलं. चौगुनीत क्वचित एखादा हलका ठोका अजून सुटतो.

उशीर मोजायला पेडलजवळ एक माइक आणि हेडफोनचा सिग्नल, दोन्ही एकाच रेकॉर्डरच्या दोन चॅनलवर घेतले आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही लाटांमधलं अंतर पाहिलं. आधी ते 17 मिलिसेकंदांच्या आसपास होतं, आता 9 ते 10 आहे. त्यातला मोठा वाटा संगणकाच्या ऑडिओचा आहे. 48 किलोहर्ट्झला 128 नमुन्यांचा बफर एकटाच 2.7 मिलिसेकंद खातो.

पत्र्याच्या रचनेची एक किंमत आहे. कोन बराच धक्का पोटात घेत होता, आता तो फळीतून फरशीत उतरतो आणि खालच्या मजल्यावर 'धप' ऐकू जातं. खालच्या काकांनी तक्रार केलेली नाही, पण रात्री नऊनंतर मी पेडलला हात लावत नाही. टेनिस बॉल अर्धे रुतवलेल्या दोन फळ्यांचा मंच करायला घेतलाय. फळ्या कापून झाल्या आहेत, भोकं पाडायची आहेत. दुसरी अडचण जाळीची. बीटर जिथे बसतो तिथले धागे पांढरे पडायला लागलेत, म्हणून तिथे रेक्झिनचा गोल पॅच लावलाय. पॅचमुळे शिखर साधारण अर्ध्या मिलिसेकंदाने मागे सरकलं, तेव्हा स्कॅन टाइम 2.5 वरून 3 केला. कुणी पातळ चामड्याचा पॅच लावला असेल तर त्याचा प्लॉट पाहायला आवडेल.