रागाचं स्वयंपाकघर

स्पॅनिशमध्ये चिडायला शिकायचं असेल, तर आधी स्वयंपाकघरात शिरावं. डोकं खाणाऱ्या माणसाला माद्रिदमध्ये 'वेते आ फ्रेइर एस्पारागोस' म्हणतात : जा, अस्पॅरॅगस तळत बस. कुजक्या स्वभावाच्या माणसाचं दूधच नासकं, 'माला लेचे'. आणि बस डोळ्यांदेखत सुटली, की 'ओस्त्रास!' म्हणजे चक्क कालवं.

ही कालवं चर्चच्या धाकानं आली. मूळ उद्गार 'ओस्तिया', म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, मिस्सेत, देतात तो पवित्र प्रसाद. तो तोंडातून निसटणार एवढ्यात समोर पोरंटोरं किंवा आजी दिसली, की जीभ कालवांकडे वळवायची. आपण नाही का, 'आईच्या' म्हणून थबकतो आणि 'गावात' म्हणून सुटतो!

वैताग मोजायचा मात्र अंगावर. 'एस्तॉय अस्ता लास नारिथेस' म्हणजे प्रकरण नाकापर्यंत आलं. आपल्याही नाकी नऊ येतात, पण स्पॅनिश माणूस तिथं थांबत नाही. पुढे डोक्यावरची टाळू, 'कोरोनिया'. त्याही वर अंबाडा, 'मोन्यो'. टक्कल पडलेले गृहस्थही बिनदिक्कत अंबाड्यापर्यंत वैतागतात. मला हे फार आवडतं. नुसतं 'मी चिडलोय' म्हणणाऱ्याचा पारा कितपत चढलाय ते कळत नाही. इथं उंचीच सांगितलेली असते.

अटलांटिक ओलांडला की शब्द बदलतात. स्पेनमधला 'एन्फादादो', म्हणजे चिडलेला माणूस, मेक्सिकोत 'एनोहादो' होतो, ब्युनोस आयर्सच्या माणसाला 'ब्रोंका' येते. स्वयंपाकघर मात्र सुटत नाही. चिलीत 1971 च्या डिसेंबरात टंचाईनं त्रासलेल्या बायका रिकामी पातेली बडवत रस्त्यावर आल्या होत्या. अर्जेंटिनात 2001 च्या डिसेंबरात सरकारनं बँकेतून आठवड्याला फक्त 250 पेसो काढायची मुभा ठेवली. लोकांनी त्या निर्बंधाला नाव दिलं 'कोरालितो', तान्ह्या पोरांना खेळायला सोडतात ते छोटं कुंपण. 19 तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ यांनी टीव्हीवर आणीबाणी जाहीर केली, आणि बाल्कन्यांतून पळ्या, झारे, झाकणं वाजू लागली. लोक तसेच, काही जण तर घरच्या चपलांवर, खाली उतरले. 'के से वायान तोदोस!' सगळेच्या सगळे चालते व्हा! दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला आणि ते हेलिकॉप्टरनं निघून गेले. दोन आठवड्यांच्या आत त्या खुर्चीवर आणखी चौघे बसून पाहून झाले. पातेली वाजायची थांबली नव्हती.