ठाणे ते बेलापूर, पलटणीच्या नंबरामागे

ठाण्यात कळवा पुलाकडे जाताना सेंट्रल जेलची उंच भिंत दिसते. आपण रोज तिच्यावरून जातो आणि तो किल्ला आहे हे विसरूनही जातो. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीबरोबर तोही घेतला आणि १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला. पलटणींच्या इतिहासात रस असेल तर ठाण्यातली फेरी इथूनच सुरू करावी, कारण मुंबई इलाख्याच्या शिपाई पलटणींच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या लढायांपैकी एक इथे झाली.

बरोबर कळव्याचा एक मित्र होता. त्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकला गेले होते, एवढंच घरात माहीत. निघायच्या आधी आम्ही त्याच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांकडे चहाला गेलो. "पणजोबा कुठल्या पलटणीत?" त्यांनी विचारलं. "मराठा लाइट इन्फन्ट्रीत," मित्र म्हणाला. "अहो, ते झालं आडनाव. नाव सांगा."

नाव म्हणजे नंबर. तो सापडला पदकावर. तांब्यासारखं दिसणारं १९१४-१५ चं स्टार पदक मित्राच्या आत्याने देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेलं होतं. मागची बाजू सपाट. तिरकी धरून उजेडात पाहिली की ठोकलेली अक्षरं वाचता येतात: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि शेवटी '११०' आणि 'मराठा'. सोबतचं चांदीचं पदक कुणीतरी केव्हाच सोनाराकडे दिलेलं. ते बहुतेक घरांतून असंच गेलं, कारण त्यात चांदी होती. उरलेलं पदक तुमच्याकडे असेल तर चिंच, राख, पावडर लावून चकचकीत करू नका. घासताना अक्षरंच जातात, आणि मोल त्या अक्षरांचंच आहे.

आता जेलपाशी. आत जाता येत नाही आणि फोटोही काढू नये. पहाऱ्यावरचे लोक टोकतात आणि ते बरोबरच आहे. बाहेरून भिंतीची उंची आणि खाडी किती जवळ आहे तेवढं बघायचं. १७७४ च्या डिसेंबरात मुंबईहून ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट गॉर्डन निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे ६२० गोरे, १,००० शिपाई आणि २०० तोफलष्कर, म्हणजे तोफांवरची मदतनीस माणसं, होती. घाई अशासाठी की पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी बातमी होती. आठवडाभर तोफा चालल्या, २७ तारखेला खंदक बुजवायचा प्रयत्न फसला, शंभरेक गोरे कामी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हल्ला करून किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीची कत्तल केली. इंग्रजी आरमाराचा जॉन वॉटसन इथेच जखमी होऊन गेला. इंग्रजी पुस्तकं त्याच्याबद्दल हळहळतात. शिबंदीबद्दल एक वाक्य असतं.

आज जिला 'जंगी पलटण' म्हणतात ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन या हल्ल्याच्या सहा वर्षं आधी, १७६८ मध्ये, मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी उभी राहिली. म्हणजे आपल्याला अभिमान वाटतो त्या पलटणीचा जन्म मराठ्यांशी लढणाऱ्या कंपनीच्या फौजेतला. हे पचायला जड आहे. पण गाळलं तर पुढचा सगळा हिशेब खोटा होतो.

इथून जवळच सेंट जेम्स चर्च. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर यांच्या हस्ते ते समर्पित झालं. इंग्रजांच्या कैदेतले त्र्यंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी, १८१६ च्या सप्टेंबरात या किल्ल्यातून पळाले, त्याची गोष्ट हेबर यांनीच लिहून ठेवली आहे. पहारा सगळा गोऱ्यांचा, म्हणून फितुरीची भीती नाही असा हिशेब होता. बाहेर घोड्याला खरारा करता करता मोतद्दार मराठीत गाणं म्हणायचा आणि गाण्यातूनच निरोप आत जायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

दुपारी मामलेदार मिसळ. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मध्यम तिखटच मागावी, शौर्य दाखवायची ही जागा नव्हे. मग जांभळी नाक्याच्या बाजूने चालत मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९३ ची ही संस्था, आणि इथे बसून जुनी गॅझेटियर्स चाळण्यात अख्खी दुपार जाते. जायच्या आधी फोन करून सुट्टीचा वार विचारा आणि संदर्भ विभागात कोणतं पुस्तक हवंय ते कागदावर लिहून न्या. "सैन्यावरचं काहीतरी" असं सांगितलं तर तेवढंच मिळतं.

टेबलावर आम्ही ११० चा माग काढला. कळीची सालं तीन. १८२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा १७९७ ची ही पलटण दहावी झाली. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरच्या फेररचनेत मुंबईच्या क्रमांकांत सरसकट शंभर मिळवले, म्हणून ११०. १९२२ मध्ये सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि ११० ची तिसरी बटालियन झाली. हे माहीत नसेल तर एकाच पलटणीच्या चार पलटणी वाटतात. याच गोंधळातून एक गंमत उरली आहे. दुसरी बटालियन आजही स्वतःला 'काली पांचवीं' म्हणवते, कारण १८२४ चा तिचा क्रमांक पाच होता. १८४० मध्ये बलुचिस्तानात कहानचा किल्ला महिनोन् महिने लढवला तो याच पाचव्या पलटणीच्या शिपायांनी.

११० इराकमधल्या कुटच्या वेढ्यात होती, १०३ आणि ११७ या मराठा पलटणींसोबत. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे १४५ दिवस. धान्य संपलं, घोडे कापून खाल्ले, घोड्याचं मांस नको म्हणणारे शिपाई आणखी खंगले. शेवटी सुमारे १३,००० जण कैदेत गेले. मित्राचे पणजोबा परत आले. घरात त्यांच्याबद्दल एकच आठवण आहे, की ताटात शीत टाकलेलं त्यांना खपत नसे. ते त्यांच्या स्वभावाचं समजलं जायचं.

पलटण पुन्हा उभी राहिली. तिसरी बटालियन म्हणून १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनला लढली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. पुढे तिला छत्री मिळाली, आणि १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशच्या युद्धात, टांगाइलला विमानांतून उतरलेली आणि पाच दिवसांनी ढाक्यात शिरलेली २ पॅरा ती हीच. मित्र बराच वेळ पदक बोटांत फिरवत होता. मग म्हणाला, "म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरच्या यादीत शोधत बसलो असतो तर सापडलीच नसती."

तुम्हालाही असं शोधायचं असेल तर आधी घर धुंडाळा: पदकाची कडा किंवा मागची बाजू, डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक. युद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर सापडतात. आडनावाने नव्हे, पलटणीने शोधा. गोऱ्या कारकुनांनी जाधवच्या स्पेलिंगचं काय काय केलंय ते बघाच. परत आलेल्यांची नावं तिथे नसतात. त्यांच्यासाठी लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमधल्या पलटणवार युद्ध डायऱ्या. त्यांत शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते कळतं. स्वातंत्र्यानंतरच्या माजी सैनिकांसाठी ठाण्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात, म्हणून फेरी शुक्रवारी ठेवा.

वेळ उरला तर बेलापूर. ठाण्याला ९-१० नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पनवेल लोकल, बेलापूरला उतरून रिक्षा. 'किल्ले गावठाण' सांगा. नुसतं 'किल्ला' म्हणालात तर रिक्षावाला महापालिकेच्या पांढऱ्या इमारतीसमोर सोडून मोकळा होतो. तिथूनही चालत जाता येतं म्हणा. उरलाय तो एक बुरूज आणि थोडी पडझड. हा किल्लाही मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेलेला. खरं सांगायचं तर पाहण्यासारखं अर्ध्या तासाचं. पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं आणि दगड निसरडे, मुलं बरोबर असतील तर टाळा.

त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी माणगावला जा. घाडगे त्याच तालुक्यातल्या पळसगावचे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. ठाण्याहून लोकलने दिवा आणि तिथून सकाळची सावंतवाडी गाडी सोयीची. गर्दी दिव्यालाच भरते, तेव्हा अर्धा तास आधी पोचा.