माऊच्या ताटलीत हुमण नको

बाजारातून बांगडे आणले की आमची मनी पिशवीला अंग घासत ओट्यापर्यंत येते. तिचा वाटा मी मीठ-मसाला न घालता उकडते, काटा न काटा बोटांनी चाचपून काढते. हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला, तुकडा अजिबात देत नाही. त्यातल्या कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शेजारच्या काकी मायेने भात-मासळी घालतात, पण नुसत्या त्यावर मांजराचं भागत नाही. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्यांना अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. म्हणून रोजचं मुख्य खाणं कॅटफूडच. पिल्लांना किटन फूड, कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून ३-४ वेळा थोडं थोडं. गाईचं दूध मात्र कृपा करून नको, जुलाब होतात!